सराव मुलाखती : हेतू आणि अनुभव

(न्यासाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाचा ताळेबंद आपल्यासमोर आलेलाच आहे. आम्हांस जे निवेदन करावयाचे आहे ते त्या रकान्यांत बसणारे नाही. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या सराव मुलाखती आपल्या सभागृहात घेतल्या जातात. त्यासंबंधी एका देणगीदार महोदयांनी रास्त प्रश्न विचारला : आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश गुणांवर मिळतो, मग मुलाखत कशाची घेता?

प्रश्न खरा आहे. आता प्रवेशाचा सारा भार ‘नीट’ या एकाच परीक्षेवर आहे. येथील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेताना ‘डॉक्टर कशासाठी व्हावयाचे?’ असे कोणी विचारीत नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधीविचारांची प्रश्नपत्रिका असे; ‘नीट’ आल्यावर ती परीक्षाही थांबली. महाराष्ट्रात मुलाखतीचा खरा प्रसंग उरला आहे तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला ए.एफ.एम.सी. म्हणतो तेथे.

ही संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि १९६२ पासून तेथे पदवीपूर्व शिक्षण सुरू झाले. ‘नीट’च्या गुणांवरून निवडक उमेदवारांना पुण्यास बोलावले जाते. तेथे इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, प्रत्यक्ष मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. मुलींच्या जागा मुलांहून बऱ्याच कमी आहेत. उत्तीर्ण झाल्यावर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत काम करण्याचे बंधन असते. आपल्या जिल्ह्यात हे बंधन कोणास जाचक वाटत नाही. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे नावच पुरेसे बोलके आहे. गडहिंग्लज-चंदगडकडेही सैन्यात माणूस नाही असे घर शोधावे लागते. ज्या घरातून जवान गेला त्याच घरातून सेनेचा डॉक्टर का जाऊ नये?

अडचण येते ती बोलण्याची. दोन वर्षे ही मुले चार पर्यायांतून एका पर्यायाचे वर्तुळ काळे करीत असतात. पूर्ण वाक्य बोलण्याची वेळ त्यांच्यावर येतच नाही, आणि एकाएकी त्यांना गणवेशातील अधिकाऱ्यांसमोर इंग्रजीतून बोलावे लागते. शहरातील मूल निभावून नेते. शाहूवाडीच्या वाडीवरील, मराठी माध्यमातील मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. करवीर नगरीत शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली ती खेड्यातील मूल शिक्षणाच्या दारापर्यंत पोहोचावे म्हणून. आमचा उपक्रम त्या मानाने अगदीच लहान. दार उघडल्यावर आत जाऊन काय बोलावे, एवढ्यापुरताच.

मंडळात दोन डॉक्टर, एक निवृत्त सेनाधिकारी आणि एक ज्येष्ठ परिचारिका असतात. परिचारिकाबाईंचे निरीक्षण बहुधा सर्वांत अचूक ठरते. ‘डॉक्टर का?’ या प्रश्नाला बहुतेकांकडून शिकवणीतले उत्तर येते : समाजसेवा, लहानपणापासूनचे स्वप्न, देशप्रेम. एका मुलीने असेच सुरेख इंग्रजी उत्तर पाठ म्हणून दाखविले. पुढे चौकशी करता कळले, की तिची आजी मधुमेही असून दररोज इन्सुलिन टोचण्याचे काम हीच मुलगी सातवीपासून करते आहे. घरात फ्रीज नव्हता तेव्हा ती कुपी ओल्या कापडात गुंडाळून मातीच्या भांड्यात ठेवी. “हे का नाही सांगितलेस, बाळ?” असे विचारता ती म्हणाली, “सर, ते घरचं आहे.” हे घरचे ज्ञान लपविण्याजोगे नाही, एवढे त्या मुलीला पटवण्यात आमची एक दुपार गेली. सत्कारणी गेली असे आम्ही समजतो.

दुसरा प्रश्न आम्ही मुद्दाम येथलाच काढला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावांना पाण्याचा वेढा पडला, लष्कराच्या व आपत्ती दलाच्या नावा आल्या. समजा नावेत एकच जागा आहे. काठावर प्रसूतीच्या कळा सुरू झालेली स्त्री, डायलिसिसचा दिवस चुकलेला रुग्ण आणि तापाने फणफणलेले तान्हे मूल आहे. कोणास न्याल? अनेकजण घाईने एक नाव घेतात. पूर अंगावर घेतलेल्या एका मुलाने उलट विचारले, “सर, नाव परत किती वेळानं येणार?” त्याचे इंग्रजी अडखळते होते, परंतु मंडळातील सेनाधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली.

अशा प्रश्नांना अधिकृत उत्तर नसते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या प्रारंभी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत रूढ केली. उमेदवार एकामागून एक दालनांत जातो, प्रत्येक ठिकाणी नवा परीक्षक आणि नवा प्रसंग. एकाच परीक्षकाच्या आवडीनिवडीवर निकाल अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार. जागेअभावी आम्ही तीनच टेबले मांडू शकतो; बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर तेथील बाकेच कामी येतात.

काही पालकांना वाटते की आम्ही हमखास निवड करून देतो. तसे मुळीच नाही. नजरेचा दोष निघाला तरी पुण्याहून परतावे लागते, आणि अशा मुलाला घरी धीर देणे हे परीक्षेहून कठीण असते. पालकांनी त्या दिवशी गुणांचा विषय काढू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ज्यांची तेथे निवड होत नाही ती मुले अन्य महाविद्यालयांत जातात. तेथे २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषय रीतसर शिकविला जातो. खाटेवरील रुग्णाशी पहिले वाक्य बोलताना या सरावाचा त्यांना उपयोग होतो, असे परत येऊन भेटणारे विद्यार्थी सांगतात.

देणगीदारांकडे मागणे थोडेच आहे. पुण्याचे बोलावणे अल्प मुदतीत येते. गाडीभाडे आणि दोन रात्रींचा मुक्काम एवढ्यासाठी एखादे घर अडते. त्यासाठी वेगळा निधी ठेवण्याचा ठराव विश्वस्तांपुढे आहे. इंग्रजी संभाषणाचा सराव घेण्यास निवृत्त शिक्षकही हवे आहेत. ज्यांना शनिवारची दुपार देणे शक्य आहे त्यांनी सभेनंतर कार्यालयात नाव नोंदवावे.