जुन्या ताऱ्यांचा उजेड



आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मला आकाश बघण्याचा नाद आहे हे तुम्ही जाणताच. म्हणून एका दीर्घिकेबद्दल बोलतो.

उन्हाळ्यात रात्री सिंह रास आणि स्वाती यांच्या मध्ये अंधुक ताऱ्यांचा पुंजका दिसतो. तो अरुंधती केश. त्याच दिशेला, पण फार पलीकडे, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे. त्यातली सर्वांत तेजस्वी सर्पिल दीर्घिका म्हणजे एनजीसी ४९२१. विल्यम हर्शेल यांनी ती १७८५ मध्ये शोधली. मधोमध ताऱ्यांचा आडवा दांडा आणि भोवती वळणदार बाहू असं तिचं रूप आहे.

पण हबल दुर्बिणीच्या छायाचित्रात हे बाहू इतके फिके दिसतात, की त्यांच्यातून मागच्या दीर्घिका दिसतात. अशा दीर्घिकांना सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी १९७६ मध्ये ‘ॲनिमिक’ म्हटलं. ॲनिमिक म्हणजे रक्त कमी झालेल्या.

हे झालं कसं? समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू आहे. त्यातून ही दीर्घिका प्रचंड वेगाने जाते. स्कूटरवर समोरून वारा लागून ओढणी मागे उडते ना, तसा तिचा स्वतःचा वायू मागे ओढला जातो. तारे जागच्या जागी राहतात. जातो तो नवे तारे घडवणारा कच्चा माल. मोठे निळे तारे लवकर संपतात, त्यांच्या जागी नवे फारसे येत नाहीत. जुने तारे मात्र अब्जावधी वर्षं तेवत राहतात. म्हणून दीर्घिका तेजस्वीच दिसते.

मगाशी मुख्याध्यापकांनी पहिलीची पटसंख्या सांगितली आणि सभागृह गप्प झालं. आपल्या शाळेचं गावात नाव आहे, पण तो उजेड इथे बसलेल्यांचा आहे. आजूबाजूच्या स्पर्धेचा वारा पहिलीचा वर्ग ओढून नेतो आहे.

दीर्घिकेला काही करता येत नाही, आपल्याला येतं. स्मरणिका, सत्कार जरूर करूया. पण जमलेल्या निधीतला मोठा वाटा पहिली ते चौथीच्या वर्गांना, वाचनालयाला आणि येण्याजाण्याच्या गाडीला द्यावा, असा प्रस्ताव मी मांडतो. आणि आपल्यापैकी ज्यांची नातवंडं गावात आहेत, त्यांनी एकदा घरी विषय काढावा.