कादंबरीतली कॅरोलाइन



जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कॅन्सरने ग्रासलेली १६ वर्षांची हेझेल आणि ऑगस्टस यांची ती प्रेमकथा. २०१४ साली जोश बून यांनी तिच्यावर चित्रपट काढला. तो पाहून तुमच्यापैकी काहीजण रडलेही असतील. पण कादंबरीही वाचा. कारण तिच्यातली एक मुलगी पडद्यावर आलीच नाही.

ती कॅरोलाइन, ऑगस्टसची आधीची मैत्रीण. मेंदूतल्या गाठीमुळे तिचा स्वभावच पालटला. ती त्याला टोचून बोलू लागली. तरी आजारी मुलीला सोडायचे कसे, म्हणून तो शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिला. तिला वगळल्याने चित्रपट सुटसुटीत झाला. पण दुखणे माणसाचा स्वभावही पोखरते, हे कादंबरीतले कडू सत्य गळाले.

आजाऱ्याच्या भेटीला जाणे आपण सवाबचे काम मानतो. त्याच्या उशाशी रोज बसून त्याचे बोल सोसणे त्याहून कठीण. घरातले आजारी वडीलधारे उद्या तुमच्यावर खेकसले, तर मुलांनो, कॅरोलाइनला आठवा आणि उठून जाऊ नका.