काटकसरीचा विवेक

पै हे नाणे व्यवहारातून कधीच गेले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै हे जुने कोष्टकही हळूहळू मुलांच्या पाटीवरून पुसले गेले. भाषेने मात्र ते पुसले नाही. व्यवहाराला चोख असलेला माणूस पै-पैचा हिशेब ठेवतो, असे आजही कौतुकाने म्हटले जाते. आणि ज्याच्या हातून काही सुटत नाही, त्याला लोक कवडीचुंबक म्हणतात. पहिल्या शब्दात स्तुती आहे, दुसऱ्यात निंदा. दोघांचीही नजर अगदी लहान नाण्यावर असते. मग एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला हेटाळणी का? या प्रश्नाच्या उत्तरातच काटकसरीचे सारे मर्म साठवलेले आहे.

मराठी घर पुण्यातले असो, इंदूर-बडोद्याचे असो की दिल्लीचे, त्यात काटकसरीची एक जुनी रीत चालत आली आहे. नवे धान्य बाजारात आले, भाव उतरले, की वर्षाचा गहू भरावयाचा. तो उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवावयाचा. उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे यांची बेगमी करावयाची. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी मिळे आणि शिळ्या पोळीचा कुस्करा होई. धोतर विरले की त्याचे पंचे होत, पंच्याची फडकी होत. मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई, आणि त्यातूनही जे कपडे उरत, ते बोहारणीला देऊन घासाघीस करीत एखादे पातेले पदरात पाडून घेतले जाई. हे सारे दारिद्र्यामुळेच घडत असे, असे समजणे चुकीचे ठरेल. खात्यापित्या घरांतही हीच रीत होती. वस्तूमागे कोणाचे तरी कष्ट आहेत, म्हणून तिचा शेवटपर्यंत उपयोग करावयाचा, ही त्यामागील भावना होती.

मात्र या रीतीतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. वर्षाचे धान्य भरावयाचे, तर वर्षाच्या धान्याचे पैसे एकदम हाती असावे लागतात. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, तो तेल पावशेर घेतो, साखर पुडीने घेतो, आणि तेवढ्याच मालाला धनिकापेक्षा अधिक दाम मोजतो. म्हणजे काटकसर करावयासही थोडे भांडवल लागते. म्हणूनच भरल्या घरातून रित्या घराला केलेला काटकसरीचा उपदेश बहुधा पोकळ ठरतो.

या बाबतीत दक्षिणेतील एक जुनी घटना उद्बोधक आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला. तो आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते हिसकावून घेऊन जाळले गेले. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळपट्टी करतो म्हणून तो कर्जात बुडतो, असे त्या काळच्या शहाण्यासुरत्या लोकांचे ठाम मत होते. आयोगाने मात्र निराळा निष्कर्ष काढला. लग्नखर्चाला कारण नसता फार महत्त्व दिले गेले आहे, असे त्याने नमूद केले. लग्न कधीतरी निघते. परंतु पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुनःपुन्हा काढलेली लहान लहान कर्जेच ऋणाचा डोंगर वाढवितात, असे आयोगाला आढळून आले. १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला, तो या चौकशीनंतर.

ऋण काढून सण करू नये, ही म्हण खोटी नाही. परंतु नेहमी सणच घर बुडवितो असे नाही. दृष्टीआड राहून महिन्यामागून महिने वाढणारे व्याज ते काम अधिक शांतपणे करते. आज सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवावा लागत नाही. खिशातल्या यंत्रावर बोट टेकले की वस्तू दारात येते आणि पैसे पुढच्या महिन्यांवर ढकलले जातात. दरमहा शेकडा ३ हा दर ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु त्या दराने घेतलेले १,००० रुपये फेडलेच नाहीत, तर चक्रवाढीने वर्षाअखेर सुमारे १,४२६ होतात. ज्या गृहिणीने भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घातला, तिच्याच घरातून हे ४२६ रुपये कोणताही वाद न होता निघून जातात.

तेव्हा काटकसरीची पहिली पायरी म्हणजे हिशेब. विलायतेत शिकत असताना गांधीजी दिवसभरात खर्च झालेली प्रत्येक लहान रक्कम टिपून ठेवीत आणि निजण्यापूर्वी जमाखर्च जुळवीत, असे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हिशेब पाहताच त्यांच्या ध्यानात आले, की मोठा खर्च राहण्याचा आणि गाडीभाड्याचा आहे. म्हणून त्यांनी कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल अशा जागी खोल्या घेतल्या. खर्च निम्म्याने उतरला आणि रोज आठ-दहा मैलांची रपेट घडू लागल्याने प्रकृतीही सुधारली. त्यांनी हिशेब आधी मांडला आणि कात्री नंतर चालविली. तीही जेथे कापड अधिक होते तेथे.

पुष्कळ घरांत याच्या उलट घडते. स्वस्त म्हणून घेतलेला जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा रोज पाच तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिटे वीज खातो; जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १६-१७ युनिटांत काम भागवितो. दिवा विकत घेताना वाचविलेले पैसे विजेच्या बिलात कितीतरी पटींनी फिटतात. ज्याला दुकानातील किंमत तेवढी दिसते आणि घरी आल्यानंतरचा खर्च दिसत नाही, त्याची काटकसर अशी महागात पडते.

याहूनही गंभीर प्रश्न निराळा आहे: घरातील काटकसर कोणाच्या वाट्याला येते? खर्चाला आळा घालावयाचा असे ठरते, तेव्हा यजमानाचा चहा-विडी बहुधा चालूच राहते आणि मित्रमंडळींतील मोठेपणाही कमी होत नाही. कमी होते ते पातेल्यातील दूध. सर्वांची पाने वाढून झाल्यावर जी शेवटी जेवावयास बसते, तिच्या पानातील भाजी कमी होते. तिचा चष्मा पुढच्या महिन्यावर जातो, तिचे दुखणे अंगावर काढले जाते, आणि या साऱ्याला तिचा काटकसरी स्वभाव असे गोड नाव मिळते. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. तथापि सर्वांच्या मागून जेवण्याची रीत त्यांत मुळीच नाही, असे कोण म्हणू शकेल? अशी शिल्लक कोणत्याही वहीत जमेच्या बाजूला मांडता येणार नाही. ते दुसऱ्याच्या शरीरावर काढलेले कर्ज आहे, आणि तेही व्याजासकट फेडावे लागते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. कवडीचुंबक दुसऱ्याच्या गरजेला कात्री लावतो. काटकसरी माणूस स्वतःच्या हौसेपासून आरंभ करतो. एकाचा पैसा कशासाठी राखला आहे, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. दुसऱ्याला ते नेमके ठाऊक असते. मुलीचे पुढचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, अवेळी दारात आलेल्या पाहुण्यासाठी मूठभर अधिक तांदूळ, ही त्याच्या बचतीची ठिकाणे असतात. म्हणून त्याच्या घरी सणाला पुरणपोळी होते, मोलकरणीचा पगार वेळेवर मिळतो, आणि वाण्याच्या वहीत त्याच्या नावापुढे बाकी दिसत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सर्वांना पाठ आहे. परंतु अंथरूण एकच आणि निजणारे चार, असे बहुतेक संसारांचे चित्र असते. एकाने पाय ताणले की दुसऱ्याचे उघडे पडतात. यासाठी फार मोठ्या शास्त्राची आवश्यकता नाही. महिन्याच्या अखेरीस घरातील सर्वांनी, थोरांनी आणि जाणत्या मुलांनीही, एकत्र बसून खर्चाची वही मोठ्याने वाचावी. कशावर किती खर्च झाला, हे तर त्यातून कळेलच. त्याचबरोबर या महिन्यात कोणी काय घेतले नाही, कोणाची गरज मागे राहिली, हेही विचारले जावे. वहीत हा रकाना सहसा आखलेला नसतो. तो ज्या घरात आखला जाईल, त्या घरात काटकसरीचे ओझे एकाच्याच डोक्यावर राहणार नाही, आणि वाचलेला पैसा सर्वांना आपला वाटेल.