सुवर्णमहोत्सव आणि घरचा उंबरठा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या नोव्हेनेत, कुटुंबदिनी, मिस्साबलीनंतर धर्मगुरूंनी केलेले भाषण)



देवाच्या कृपेने आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. देवळाला नवा रंग चढला आहे, अंगणात मांडव उभा राहिला आहे, आणि ज्यांनी ह्या देवळासाठी घाम गाळला व पदरास खार लावून वर्गणी दिली, त्यांची नावे ह्या नोव्हेनेत वेदीजवळून आदराने उच्चारली जात आहेत. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु आजचा दिवस आपण कुटुंबांसाठी राखून ठेवला आहे. म्हणून आम्ही आज देवळाविषयी न बोलता घराविषयी बोलणार आहोत. कारण आमची अशी दृढ समजूत आहे की, महोत्सवाचा आरंभ देवळात होत असला तरी त्याची पूर्तता घराच्या उंबरठ्यावरच होत असते.

ही समजूत आमच्या मनची नव्हे. तिला पवित्र शास्त्राचा आधार आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांस महोत्सवाची आज्ञा दिली आहे. सात वर्षांची सात चक्रे पूर्ण झाली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे, असा तो नियम आहे. मेंढ्याच्या शिंगाला इब्री भाषेत जे नाव आहे, त्यावरूनच ‘जुबिली’ हा शब्द आला असे विद्वान मानतात. आता त्या वर्षी लोकांनी करावे काय? मिरवणूक काढावी, मेजवानी घालावी, असे तेथे सांगितलेले नाही. ज्याची जमीन कर्जापायी दुसऱ्याच्या हाती गेली असेल त्याने आपल्या वतनावर परत यावे, आणि जो दारिद्र्यामुळे दुसऱ्याच्या घरी राबत असेल त्याने आपल्या कुटुंबात परत यावे, अशी ती आज्ञा आहे. सारांश, महोत्सव म्हणजे परतणे. शिंगाचा नाद ऐकताच माणसाने घराची वाट धरावयाची, हा त्या पन्नासाव्या वर्षाचा अर्थ होय.

प्रभू येशूच्या घरीही सण ह्याच रीतीने पाळला जात असे. संत लूक सांगतो की, मरिया व योसेफ दरवर्षी वल्हांडण सणासाठी नाझरेथहून यरुशलेमला जात असत. ती वाट अनेक दिवसांची आणि पायांची. आप्तस्वकीय व ओळखीचे लोक बरोबर, मुले पुढेमागे. त्या सणाची एक रीत निर्गम ग्रंथात सांगितली आहे: मुलांनी विचारावयाचे की ह्या विधीचा अर्थ काय, आणि वडिलांनी देवाने केलेल्या सुटकेची हकीकत सांगावयाची. म्हणजे सणाचे पहिले गुरू आईबाप, आणि सणाचे पहिले साहित्य म्हणजे लेकराचा प्रश्न. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, ती गोष्ट आपण सारे जाणतो. परंतु तिच्यापुढचे वाक्य आपण घाईने वाचतो. तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, असे तेथे लिहिले आहे. जगाच्या तारणाऱ्याने आपल्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे घरात, सुताराच्या कामात आणि आईबापांच्या सहवासात घालविली. सण यरुशलेममध्ये झाला. पण सणाची परीक्षा नाझरेथमध्ये, रोजच्या दिवसांत झाली.

पवित्र कुटुंबाचा सण पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९३ साली सुरू केला आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी १९२१ साली तो सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला. आज आपण तो नाताळच्या सप्ताहात पाळतो. ही योजना किती समर्पक आहे! गव्हाणीपुढचे दिवे अजून जळत असतात, करंज्यांचा डबा अजून रिता झालेला नसतो, तोच ख्रिस्तसभा आपल्याला विचारते की, बाबांनो, सण आला आणि गेला, घराचे काय?

आपल्या वसईतील वडीलधाऱ्या पिढीला ह्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने द्यावे लागत नसे. पहाटेच्या गाडीने भाजीची अथवा फुलांची पाटी घेऊन दादरच्या बाजारास गेलेली आई दुपारी परत येई, आणि त्याच हातांनी नाताळच्या आठवड्यात रात्री जागून फराळाचे करी. बाप दिवसभर केळीच्या वाडीत पाणी लावी, आणि संध्याकाळी जपमाळेला गुडघे टेकी. मुलाच्या अंगावरचा नवा सदरा सणाच्या एका दिवशी दिसे. परंतु त्यासाठीचे पैसे वर्षभराच्या पाट्यांतून साठलेले असत. सणाचा गोडवा गुळातून येतो असे मुलांस वाटते. मोठेपणी कळते की तो आईच्या जागरणातून येतो. आणि पुष्कळांस हे कळते तेव्हा आई थकलेली असते.

संसारी माणसांच्या पावित्र्याचे एक उदाहरण ख्रिस्तसभेने अलीकडेच आपल्यापुढे ठेवले आहे. बाळ येशूची संत तेरेजा हिला आपण सारे ओळखतो. तिचे आईबाप लुई व झेली मार्टिन ह्यांस पोप फ्रान्सिस ह्यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी संतपद बहाल केले. पती व पत्नी ह्यांस एकत्रच संत म्हणून घोषित करण्याचा हा पहिलाच प्रसंग. ह्या दोघांनी असे काय केले? त्यांनी मठ स्थापिला नाही, ग्रंथ रचिला नाही. लुई फ्रान्समधील आलाँसाँ गावी घड्याळे दुरुस्त करीत असत, झेली जाळीदार लेसचे काम करीत व करवीत असत. रविवारी गिऱ्हाईक येण्याचा संभव अधिक, तरी लुई रविवारी दुकान उघडीत नसत. तो दिवस देवाचा आणि घराचा. त्यांस नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी चार लहानपणीच दगावली. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत मोठे तत्त्वज्ञान नाही. मुलींची दुखणी, कामाची ओढाताण, घरातले हसू आणि देवावरचा भरवसा आहे. १८७७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती.

ह्या घराची पुढची हकीकत आम्हांस आज विशेष महत्त्वाची वाटते. उतारवयात लुई ह्यांस पक्षाघाताचे झटके आले, बुद्धीला भ्रम झाला, आणि १८८९ पासून तीन वर्षे त्यांस काँ येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १८९२ साली ते घरी परतले ते पांगळे होऊन. त्यांची कन्या सेलिन हिलाही बहिणींप्रमाणे कार्मेल मठाची ओढ होती. तथापि ती थांबली. १८९४ च्या जुलैत वडिलांनी डोळे मिटले, तोवर तिने त्यांची शुश्रूषा केली. आणि मगच, त्या वर्षीच्या सप्टेंबरात, तिने मठाचा उंबरा ओलांडला. देवाचे पाचारण खरे होते. परंतु वडिलांच्या खाटेशी बसणे हाही त्या पाचारणाचाच भाग आहे, हे तिने ओळखले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण प्रभू येशूच्या काळी काही लोक ह्याच्या नेमके उलट करीत असत. संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभूने त्यांची कानउघाडणी केली आहे. आईबापांच्या उपयोगी पडावयाचे धन ‘कुर्बान’, म्हणजे देवास वाहिलेले, असे म्हणून टाकले की आईबापांची जबाबदारी संपली, अशी पळवाट त्यांनी काढली होती. देवाच्या नावाने आईबापांस टाळणे प्रभूला मुळीच मानवले नाही. आणि ज्याने असे शिकविले, त्याने स्वतः क्रूसावर प्राणांतिक वेदना भोगीत असताही आपल्या मातेस शिष्याच्या हाती सोपविले. चौथी आज्ञा लहान मुलांनी ऐकण्यासाठी आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तिचा भार मुख्यतः चाळिशी-पन्नाशीच्या मुलामुलींवर आहे.

आता आपल्या घराकडे वळू या. आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा काय पाहतो? मुले परदेशी असलेली घरे आहेत. कोणी आखातात, कोणी कॅनडात. ती मुले पैसे पाठवितात, दूरध्वनीवर तोंड दाखवितात, आणि ‘माय, जेवलीस का?’ असे विचारताना त्यांचा कंठ दाटतो. त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु दुसरीही घरे आहेत. जमिनीचे मोल वाढले, वाडीच्या जागी इमारती आल्या, वाटण्या झाल्या, बहिणींच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि एका अंगणात दोन भावांमध्ये भिंत उभी राहिली. खाटेवरच्या आईला आम्ही विचारतो, ‘माय, कशासाठी प्रार्थना करू?’ ती आपले दुखणे सांगत नाही. दोघे मुलगे एका नाताळला तरी एका ताटाशी बसावेत, एवढेच मागते. लेवीय ग्रंथातील महोत्सवात जमीनही परत येई आणि माणूसही परत येई. आपल्या येथे जमिनीचा पैसा आला आणि भाऊ गेला. ह्याला महोत्सव म्हणावे काय?

आईबापांच्या निर्वाहासाठी आपल्या देशास २००७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कायद्याने आईच्या ताटात अन्न पडेल. तिच्या ताटाशेजारी मुलगा बसेल, असा कायदा कोणत्याही सरकारास करता येणार नाही. ते काम कृपेचे आणि आपल्या इच्छेचे आहे.

येथे दोन शब्द न्यायाचे बोलले पाहिजेत. वृद्धांची सेवा पुष्कळ घरी सुना करीत आहेत. त्यांचे नाव कोठे छापले जात नाही. ह्या महोत्सवात त्यांस आदराचा नमस्कार असो. आणि वडीलधाऱ्यांनीही एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये, दस्तऐवजाचा दोर करून कोणास बांधू नये. त्यांच्या हाती आशीर्वादाचे मोठे धन आहे. ते सर्वांस सारखे वाटावे.

तर मग करावे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, महोत्सवाच्या रविवारापूर्वी प्रत्येकाने आईबापांकडे जावे. जेथे अबोला असेल तेथे थोरल्याने आधी जावे, आणि थोरला न गेल्यास धाकट्याने त्याची वाट पाहू नये. ज्यांचे आईबाप देवाघरी गेले, त्यांनी भावाबहिणींसह त्यांच्या थडग्याशी उभे राहून प्रार्थना करावी. दुसरी, रविवारचे एक जेवण सर्वांनी एकत्र करावे, पहिले वाढप घरातील वृद्धांस व्हावे, आणि दूरध्वनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत राहावा. तिसरी, जपमाळेनंतर नातवंडांनी आजीआजोबांस एक प्रश्न विचारावा: हे देऊळ कसे उभे राहिले? तुमचे लग्न कसे झाले? पावसाळा कसा काढलात? वृद्धांच्या तोंडून देवाच्या उपकारांची हकीकत ऐकणे, हा आपला घरगुती वल्हांडण होय. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा व वृद्धांचा दिन पाळण्याची प्रथा घालून दिली आहे. वर्षातून एक रविवार ख्रिस्तसभेने दिला. उरलेले दिवस आपण द्यावयाचे आहेत.

प्रियजनहो, येत्या रविवारी घंटा वाजेल, तेव्हा तिला केवळ मिरवणुकीची घंटा समजू नका. ते आपले शिंग आहे. ते वाजत असता ज्याची पावले आईबापांच्या दाराकडे, भावाच्या अंगणाकडे वळतील, त्याने आपला सुवर्णमहोत्सव खऱ्या अर्थाने साजरा केला, असे आम्ही म्हणू.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाने आपल्या प्रत्येक घरात वास करावा. वृद्धांस शांती, तरुणांस कर्तव्यबुद्धी आणि दुरावलेल्यांस परतण्याचे धैर्य परमेश्वराने द्यावे, अशी आम्ही त्याच्या चरणी प्रार्थना करतो. सर्वसमर्थ देवपिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.