अधिकाराचा पुरावा मागणारे न्यायालय : अनुच्छेद २२६ आणि नागरी स्वातंत्र्य

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या भागात नागरिकाचे मूलभूत हक्क नोंदवलेले असले, तरी त्या हक्कांना प्रत्यक्ष धक्का लागतो तो बहुतेक वेळा राज्यशासनाच्या हातून. कारण सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि तुरुंग हे तिन्ही विषय सातव्या अनुसूचीने राज्यांकडे सोपवले आहेत. सभेला परवानगी नाकारणारा पोलीस आयुक्त असतो, कैद्याचे पत्र अडवणारा तुरुंग अधीक्षक असतो आणि स्थानबद्धतेच्या आदेशाखाली अनेकदा जिल्हा दंडाधिकाऱ्याचीच सही असते. त्यामुळे अशा अन्यायाची दाद मागण्याची जवळची जागा म्हणजे त्या राज्याचे उच्च न्यायालय होय. सर्वोच्च न्यायालयाकडे थेट जाण्याचा अनुच्छेद ३२ चा मार्ग केवळ मूलभूत हक्कांसाठी आहे. अनुच्छेद २२६ मात्र उच्च न्यायालयाला मूलभूत हक्कांसाठी आणि त्याखेरीज ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ही प्राधिलेख, म्हणजे शासनावर बंधनकारक असणारा न्यायालयीन आदेश, काढण्याचा अधिकार देतो. त्यातला ‘देहोपस्थिती’चा प्राधिलेख अटकेत ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून त्या अटकेचे कायदेशीर कारण दाखवायला लावतो. या सर्व अधिकारांच्या मुळाशी एकच साधा प्रश्न असतो: हे कृत्य कोणत्या कायद्याच्या कोणत्या तरतुदीखाली केले? स्वातंत्र्याची थोर व्याख्या करण्यापेक्षा हा प्रश्न चिकाटीने विचारत राहण्यातच राज्यस्तरीय खटल्यांचे खरे सामर्थ्य आहे.

या प्रश्नाची ताकद महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लख्ख दिसते. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईच्या तुरुंगात, शासनाच्या परवानगीने, अणूच्या अंतरंगाची ओळख करून देणारे मराठी पुस्तक लिहिले. ते प्रकाशनासाठी बाहेर पाठवू द्यावे ही त्यांची विनंती मात्र १९६४ साली फेटाळण्यात आली. अनुच्छेद २२६ खाली हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले, तेव्हा न्यायमूर्तींनी हस्तलिखिताची अनुक्रमणिका पाहिली, पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे आणि त्यापासून देशाच्या संरक्षणाला कोणताही धोका नाही अशी खात्री करून घेतली आणि संझगिरींच्या बाजूने निर्णय दिला. राज्यशासन अपिलात गेले. स्थानबद्धाला अटींच्या आदेशात दिलेल्या तेवढ्याच सवलती मिळतात आणि पुस्तक छापून घेण्याची सवलत त्यात कोठेच नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. त्याचा अर्थ असा, की जे स्पष्टपणे दिलेले नाही ते सर्व माणसाकडून काढून घेतलेले आहे. आणि तसे मानले, तर तुरुंगातल्या माणसाचे अन्नसुद्धा शासनाच्या कृपेवर सोपवावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये, न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांच्या निकालपत्रातून, हा युक्तिवाद नाकारला: अटी या सवलतींची यादी नसून स्वातंत्र्यावरची बंधने आहेत आणि जे बंधन लिहिलेले नाही ते तुरुंगाधिकाऱ्याला लादता येत नाही.

या निकालातला एक बारकावा पुढच्या इतिहासाची किल्ली आहे. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग अनुच्छेद ३५९ खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित करता येतो. परंतु १९६२ चा आदेश सशर्त होता, म्हणजे भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली हक्क हिरावला गेला असेल तरच तो लागू होत असे. हस्तलिखित अडवण्याला नियमाचा आधारच नव्हता, म्हणून न्यायालयाचे दार उघडे राहिले. १९७५ च्या आणीबाणीतल्या २७ जूनच्या आदेशात ही अट उरली नाही. अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांची अंमलबजावणी मागण्याचा हक्क त्याने सरसकट स्थगित केला. एका शर्तीच्या वगळण्याने केवढा अंधार पसरू शकतो, याचे याहून विदारक उदाहरण भारतीय विधीच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

तरीही उच्च न्यायालये गप्प बसली नाहीत, हे ठामपणे सांगितले पाहिजे. मुंबईत नागरी स्वातंत्र्यांवर वकिलांनी बोलावलेल्या सभेला पोलीस आयुक्तांनी मनाई केली, तेव्हा ती मनाई नाथवाणी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने टिकू दिली नाही. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातला मजकूर पूर्वतपासणी (सेन्सॉर) अधिकाऱ्याने अडवला, तेव्हा १९७६ साली त्याच न्यायालयाने त्या अधिकाराच्या मर्यादा आखून दिल्या आणि सरकारवरची टीका म्हणजे देशाला धोका नव्हे, हे स्पष्ट केले. नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी ‘मिसा’खालील, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील, स्थानबद्धांच्या देहोपस्थितीच्या याचिका ऐकण्याची तयारी दाखवली.

२८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ही सर्व दारे बंद केली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळ्या मतावर उभे राहिले. स्थानबद्धतेच्या अटींविषयी मुंबई उच्च न्यायालयाने भानुदास गावडे खटल्यात दिलेला दिलासाही जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला आणि संझगिरी निकालाचा आधार घेणाऱ्यांना उत्तर मिळाले, की तेव्हाचा आदेश सशर्त होता, आताचा नाही. तर्क म्हणून हे उत्तर सुसंगत आहे. पण ज्या न्यायालयाने अकरा वर्षांपूर्वी स्थानबद्धाला नियमापलीकडच्या सत्तेपासून वाचवले, त्यानेच अधिकाराचा पुरावा मागणे सोडून द्यावे, ही गोष्ट वेदनादायक आहे. दरम्यान ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २२६ मधले ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ हे शब्दही काढून टाकले होते.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते शब्द परत आणले, अनुच्छेद २० आणि २१ यांना स्थगितीच्या कक्षेबाहेर काढले आणि शासकीय कृतीला आणीबाणीचे संरक्षण हवे असेल, तर आणीबाणीशी संबंध स्पष्टपणे नमूद करणाऱ्या कायद्याखालीच ती कृती केलेली असली पाहिजे, असे बंधन घातले. या शेवटच्या तरतुदीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही, पण १९७५ ला वगळलेली शर्त तिनेच संविधानाच्या मजकुरात आणून बसवली. जबलपूरचा निकाल ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या पुट्टस्वामी खटल्यात औपचारिकपणे मोडीत निघाला.

त्याच घटनादुरुस्तीतला एक भाग मात्र आजवर अंमलात आलेला नाही. स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय माणसाला स्थानबद्ध ठेवण्याची तीन महिन्यांची मुदत दोन महिन्यांवर आणणारी, आणि मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीवर सोपवणारी ही तरतूद अधिसूचनेअभावी कागदावरच राहिली. ‘झोपडपट्टीदादा’, हातभट्टीवाले यांसारख्यांसाठी महाराष्ट्राने १९८१ साली केलेल्या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध झालेल्यांचे नातलग आजही उच्च न्यायालयात याचिका घेऊन येतात. तेथे आदेशाची तारीख, तो बजावण्यास झालेला विलंब, आणि स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेत कागदपत्रे दिली होती की नाही, हे ओळ न् ओळ तपासले जाते.