पुसलेली फाइल आणि मागे राहिलेला मजकूर

मुळशीतील एखाद्या ग्रामपंचायतीच्या संगणकावरून नमुना ८ ची करआकारणी यादी चुकून पुसली गेली, तर प्रथम हात आवरावा. पौडच्या तहसील कचेरीत सूचीतील नोंद खोडली, तरी कागदांचा रुमाल फडताळात राहतोच. हार्डडिस्कचेही तसेच आहे. पुसला जातो तो केवळ पत्ता; मजकूर त्या जागी नवे लिखाण होईपर्यंत टिकतो. म्हणून ‘रिसायकल बिन’मध्ये यादी नसल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. घाईने शोधाचे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर चढविणे म्हणजे जुन्या रुमालाच्या जागी नवा कोंबणेच! डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडावी व सापडलेले अन्यत्र साठवावे. नव्या एसएसडीत मात्र आशा थोडी; तेथे ‘ट्रिम’ आज्ञेमुळे पुसलेला मजकूर सहसा लवकरच नाहीसा होतो. तेथे उपयोगी पडेल ती आधी घेतलेली दुसरी प्रतच.