डोंगरावरचं घर



निवृत्तीनंतर मी माथेरानला लहानसं घर घेतलं, तेव्हा बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, "परतावा किती?" आज त्याचं उत्तर देतो.

१९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी आली. मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे सिमेंटचं पोतं असो की गॅसचा सिलिंडर, ते घोड्यावरून, हातगाडीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून येतं. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, एरवी माकडं स्वयंपाकघरात शिरतात. पैशांच्या हिशेबात घर तोट्यातच आहे.

पण लाल मातीच्या वाटेनं घरी पोचेपर्यंत पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ माझा मुलगा माझ्या चालीनं चालतो, बोलतो. मुंबईत एवढा सलग वेळ आम्हाला वर्षभरात मिळत नाही. शाळा सुटल्यावर आपण असेच रमतगमत घरी जायचो, आठवतं? आणि घरातली प्रत्येक वीट कुणीतरी घाम गाळून वर आणली आहे हे पाहिल्यापासून साधी बादलीसुद्धा टाकून देववत नाही.

आता आपण सगळेच साठीपुढचे. गुडघे साथ देताहेत तोवर या. खाटा पाचच आहेत, तेव्हा पाळी लावावी लागेल. गुरुजनांसाठी घोडा सांगून ठेवतो. खाऊ मात्र पिशवीत झाकून आणा, माकडं कुणाचीच भीड ठेवत नाहीत!